दुपारच्या पाण्याने लॉन जळतं म्हणे!

उन्हाळा लागला की नव्या लॉनचे 'पाच सोनेरी नियम' सांगणारा एक संदेश फिरू लागतो. बी पेरल्यावर रोज संध्याकाळी एकदाच भरपूर पाणी द्या. दुपारी थेंबही नको, थेंबांची भिंगं होऊन पाती जळतात. उगवण दिसली नाही तर पाणी वाढवा. गवत दाट होईपर्यंत कापू नका. आणि लवकर हिरवं व्हावं म्हणून युरिया फेका. ऐकायला सगळं शहाणपणाचं वाटतं, हीच पंचाईत.

भिंगापासून सुरुवात करू, कारण हा नियम लोकांना फार पटतो. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 साली 'न्यू फायटॉलॉजिस्ट' या नियतकालिकात हा प्रश्न तपासला. गुळगुळीत पानावर थेंब पसरट बसतो. ऊन डोक्यावर असताना त्यातून गेलेले किरण पानाच्या बरेच खाली एकवटतात, आणि सूर्य कलल्यावर ते पानाजवळ एकवटले तरी तेव्हा उन्हात तेवढा दम नसतो. धोका उरतो तो लव असलेल्या पानांना, जिथे थेंब लवेवर अधांतरी राहतो. शिवाय पेरून चार दिवस झालेल्या वाफ्यात जळायला पाती असतेच कुठे? दुपारी पाणी जास्त उडून जातं हे खरं, त्यामुळे जुन्या, मुरलेल्या लॉनला पहाटेच पाणी द्यावं. नव्या पेरणीचा हिशोब वेगळा.

बी जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल असतं. कडक उन्हात तेवढा थर काही तासांत कोरडा पडतो. वाफ्याजवळ बसून बघा: ओली माती गडद दिसते, मग कडेने फिकट पडत जाते, आणि बोटाने उकरलं तर वर पापुद्रा, खाली ओल. बी त्या पापुद्र्यात अडकलेलं असतं. ते फुगून त्यातून मूळ बाहेर पडलं, की एकदा वाळलं तरी संपलं. पुन्हा भिजवून ते जिवंत होत नाही. म्हणून उगवण होईपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा हलकं शिंपण लागतं, आणि त्यातलं एक भर दुपारी. एका चौरस मीटरवर दोन लिटर म्हणजे 2 मिलिमीटर पाणी, एका वेळेला तेवढं पुरतं. वर पेंढ्याचा विरळ थर पसरला तर पाण्याची एखादी पाळी वाचते. मात्र त्यातून निम्मी माती दिसत राहायला हवी.

संध्याकाळी एकदाच चिंब केलं, तर हाच थर दुसऱ्या दुपारी तापतो आणि रात्रभर मात्र ओलाच राहतो. कोवळ्या रोपांना मर, म्हणजे बुरशीचा रोग, लागायला याहून सोयीचं काही नाही. रोपं बुडाशी चिमटल्यासारखी होऊन आडवी पडतात आणि माणूस समजतो, पाणी कमी पडलं.

'उगवण नाही तर पाणी वाढवा' हा सल्ला तर सरळ नुकसान करणारा. राय गवत आठवडाभरात वर येतं, हरळीला एक ते दोन आठवडे लागतात, केंटकी ब्लूग्रासला दोन ते चार. राय, ब्लूग्राससारखी थंड हवामानातली गवतं मुळात उन्हाळ्यात पेरूच नयेत. जमीन तापलेली हवी असते ती हरळीसारख्यांना. जास्त पाण्याने बियाभोवतीची हवा जाते आणि ते कुजतं. पाईपची धार सोडली तर बी वाहून सखल कोपऱ्यात जमतं: तिथे झुपका, बाकी टक्कल. नोझल बारीक तुषाराचा हवा.

संदेशात नसलेली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. उगवण झाल्यावर पाण्याचा क्रम उलटा करायचा असतो: पाळ्या हळूहळू कमी, प्रत्येक पाळीचं पाणी जास्त. एकदम नाही, दोन-तीन आठवड्यांत. ओल 10 ते 15 सेंटिमीटर खोल गेली की मुळं तिच्यामागे खाली जातात. रोज वरवर शिंपत राहिलात तर ती वरच पसरतात, आणि मग एक दिवस पाणी चुकलं तरी लॉन करपतं. ओल कुठवर गेली ते बघायला लांब स्क्रू ड्रायव्हर खुपसा. ओल्या मातीत तो सहज जातो, कोरडी लागली की अडतो. दोन पाळ्यांमध्ये जमीन वाफशावर, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओलसर राहील अशी, येऊ द्या.

कापणीबद्दल थोडक्यात. गवत ठेवायच्या उंचीपेक्षा निम्म्याने वाढलं की कापायचं, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त नाही. जमीन ओली नको, पातं धारदार हवं. बोथट पातं कोवळी रोपं मुळासकट उपटतं. कापल्याने फुटवे येतात, त्यामुळे 'दाट झाल्यावर कापा' म्हणजे गाडीपुढे बैल जोडायचे सोडून बैलापुढे गाडी.

राहिला युरिया. मातीत तो विरघळून अमोनिया तयार होतो, आणि नुकत्या फुटलेल्या मुळाला तो सोसत नाही. पेरणीआधी चांगलं कुजलेलं शेणखत मिसळलं असेल तर सुरुवातीला घाई करायचं कारणच नाही. युरियातलं नत्र (नायट्रोजन) द्यायचंच तर पहिल्या एक-दोन कापण्यांनंतर, पाती कोरडी असताना, हात आखडता ठेवून, आणि वरून लगेच पाणी.