एकराचा भाव वाढला म्हणून अख्खं गाव श्रीमंत होत नाही

सोलापूरच्या आसपासच्या गावांत व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. सार असं : हायवेलगत प्लॉटिंग पडलं की एकराला चार कोटी येतात, अख्खं गाव श्रीमंत होतं, पोरांना गावातच काम मिळतं, ग्रामपंचायतीची तिजोरी भरते. पटत नसेल तर “आधी आणि आता बघा.” प्लॉटिंग वाईटच असं नाही, पण हा हिशेब कच्चा आहे. गावाची पाहणी करून तो एकेक दावा असा तपासता येतो.

“एकराला चार कोटी.” हा आकडा प्लॉटच्या चौरस फुटाच्या दराला 43,560 ने (एकरातले चौरस फूट) गुणून येतो. हजार रुपये फूट धरला तर 4 कोटी 35 लाख. पण लेआउटमध्ये रस्ते सुटतात, एकरभर किंवा जास्त जागेत 10 टक्के खुली जागा सोडावी लागते. समजा विकायला 60 टक्के उरली, तर 26,136 फूट, म्हणजे 2 कोटी 61 लाख. त्यातून एनए (बिगरशेती परवानगी), मुरूम-खडी, गटार, विजेचे खांब, दलाली वजा. आणि उरलेले पैसेही डेव्हलपरचे. शेतकऱ्याने बहुधा आधीच एकरी दराने सही केलेली असते.

शेतकऱ्याच्या हाती काय पडलं हे बघायचं तर दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा) आणि तलाठ्याकडची फेरफार नोंदवही (गाव नमुना 6) शेजारी ठेवून जमिनीच्या गट नंबरप्रमाणे वाचा. दस्तातली रक्कम पुष्कळदा रेडी रेकनरला (सरकारने ठरवलेल्या दराला) चिकटलेली असते, त्यामुळे खरा भाव कळेलच असं नाही. पण गट कितव्यांदा विकला गेला हे कळतं. दोन वर्षांत तीनदा फिरला असेल तर वाढ मधल्यांनी खाल्ली. विक्रीच्या जरा आधी हक्कसोडपत्राची (वारसाने आपला वाटा सोडल्याच्या दस्ताची) नोंद असेल तर तिथे थांबा : बहिणींनी सह्या केल्या, पैसे मिळाले का, हे घरी जाऊनच विचारावं लागतं.

“अख्खं गाव.” ज्याचं नाव 8अ वरच (जमिनीच्या खात्याच्या उताऱ्यावरच) नाही, त्या भूमिहीन कुटुंबाला भाववाढीतून काय? ज्वारीचं रान गेलं की काढणीची मजुरी जाते, कडबा महागतो, दारातली म्हैस परवडत नाही. म्हणून पाहणीत कुटुंबांचे चार प्रकार वेगळे ठेवा : जमीन विकलेले, न विकलेले, भूमिहीन आणि नव्याने राहायला आलेले. सगळ्यांची एकच सरासरी काढली की दोन मोठे व्यवहार शंभर घरं झाकून टाकतात. विकून गाव सोडलेल्यांनाही शोधा. नाहीतर टिकलेल्यांचंच चित्र मिळेल.

रोजगाराचं थोडक्यात : किती पोरं कामाला लागली हे नको, वर्षाला किती दिवस आणि किती हजेरीवर ते विचारा. सेंट्रिंगची टोळी बाहेरची असेल तर मजुरीही बाहेर जाते.

“ग्रामपंचायतीची तिजोरी भरते.” इथे ग्रामपंचायतीचा नमुना 8 (कर आकारणी) आणि नमुना 9 (कर मागणी) काढा, आणि मागणीपेक्षा वसुली बघा. रिकाम्या प्लॉटचा मालक पुण्यात किंवा सोलापूर शहरात. बिल द्यायचं कुणाला? खर्च मात्र लगेच सुरू होतो : दिवाबत्ती, पाइपलाइन, कचरा, गटार. त्यात 15 व्या वित्त आयोगाचं (2021–26) अनुदान मुख्यतः लोकसंख्येवर होतं, आणि ती 2011 च्या जनगणनेची. म्हणजे नंतर आलेली वस्ती पाणी प्यायली, पण त्या निधीत मोजली गेली नाही. आणि शहरालाच उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं. ते हद्दीबाहेर कधी पोचणार?

“आधी आणि आता बघा.” बघा, पण वर्ष निवडून. 2018-19 दुष्काळी होतं. ते पायाभूत धरलं तर पुढचं काहीही प्रगतीच दिसेल. डिसेंबर 2020 पर्यंत मुद्रांक शुल्कात तीन टक्के, मार्च 2021 पर्यंत दोन टक्के सवलत होती, त्यामुळे तेव्हाची दस्तांची उसळी प्लॉटिंगच्या खात्यावर लिहू नका. सलग तीन वर्षांची सरासरी घ्या आणि तुलनेला त्याच तालुक्यातलं, तशाच मातीचं, तेवढ्याच पाण्याचं, पण हायवेपासून दूरचं गाव निवडा. दोन्ही गावांतल्या बदलांतला फरक हा ढोबळमानाने प्लॉटिंगचा परिणाम. तुलनेला सोलापूरजवळचं कुंभारी मात्र घेऊ नका : तिथे रे नगर ही कामगारांसाठीची, सरकारी अनुदानातली 30,000 घरांची योजना आहे, आणि तिने आणलेली वर्दळ कुठल्याही खासगी लेआउटच्या मापात बसत नाही.