क्रॅपीचं तोंड नाजूक, म्हणून रॉडही लेचापेचा?

अमेरिकेत क्रॅपी हा गोड्या पाण्यातला मासा गरवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो: ‘या माशाचं तोंड कागदासारखं पातळ. कडक रॉड (गरवायची काठी) घेतलात की गळ ओठ फाडून निसटणार. तेव्हा ट्रोलिंगलाही, म्हणजे चालत्या होडीतून आमिष ओढतानाही, मिळेल तितका मऊ रॉड घ्या.’ तोंडाबद्दलचं म्हणणं खरं आहे. तिकडे या माशाला ‘पेपरमाउथ’ म्हणतात ते उगाच नाही. त्यापुढचा निष्कर्ष मात्र ट्रोलिंगला लागू पडत नाही.

ओठ फाटतो तो झटक्याने, आणि वाकून तो झटका पचवणं हे रॉडचं काम. म्हणून बघायचं ते एवढंच, की मासा लागतो त्या क्षणी रॉडमध्ये वाकायला जागा शिल्लक किती आहे. हातात रॉड धरून दोनेक ग्रॅमचं जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) सोडलं असेल तर जवळजवळ सगळी जागा माशासाठी मोकळी असते. तिथे मऊ रॉड हवाच, वाद नाही. पण मिसिसिपीतल्या ग्रेनाडा किंवा सार्डिस तलावावर होडीच्या नाकाशी होल्डरमध्ये पंख्यासारखे रॉड लावून पुढे सरकतात, तेव्हा एकेका दोरीला अर्ध्यापासून तीन औंसांपर्यंत, म्हणजे १४ ते ८५ ग्रॅम शिसं लटकत असतं. क्रँकबेट (पाण्यात थरथरत पोहणारा नकली मासा) ओढायचं तर पाण्याचा विरोध येतो, आणि तो साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी दीड मैलावरून दोन मैलांवर गेलात की ओढ जवळपास पावणेदोनपट. होडी वळली की बाहेरच्या बाजूचे रॉड त्याहून जोरात ओढले जातात. मऊ रॉड एवढ्यातच मुठीपर्यंत वाकून बसतो. मग मासा लागला की झटका थेट ओठावर. ज्या भीतीने मऊ रॉड घेतला, नेमकं तेच घडतं.

‘मऊ रॉडवर टोच लगेच कळते’ हेही सांगतात. हातात असेल तर कळते. होल्डरमध्ये तो प्रत्येक लाटेबरोबर डुलत राहतो, आणि क्रॅपी बरेचदा खालून वर येऊन आमिष उचलते; तेव्हा टोक खाली न जाता किंचित वर येतं. त्या डुलण्यात हे दिसणार कसं? जरा कडक रॉडचं टोक क्रँकबेटच्या तालावर बारीक थरथरत असतं. थरथर थांबली की समजायचं, गळाला पाला अडकलाय. दोरी गुंडाळा, साफ करा.

मुळात कडक म्हटलं की लोकांना कॅटफिशचा दांडका आठवतो. तसला कोण घ्यायला सांगतंय? पॉवर (रॉड वाकवायला किती जोर लागतो) वेगळी, ॲक्शन (तो कुठून वाकतो) वेगळी. मीडियम पॉवर आणि मॉडरेट ॲक्शन, म्हणजे बुंध्याला ताकद आणि वरच्या भागाला लवचिकता, असा रॉड मिळतो. शिवाय झटका पचवणारा रॉड एकटा नसतो. मागे ३० मीटर मोनो (एकाच तंतूची) दोरी सोडली असेल तर ती स्वतः बरीच ताणली जाते, आणि रीलचा ड्रॅग (दोरी सुटण्याला अडवणारा ब्रेक) सैल ठेवता येतो. मात्र दोरी ब्रेडेड (धागे विणलेली) असेल तर ती जवळजवळ ताणलीच जात नाही, तिथे ड्रॅगकडे दुप्पट लक्ष द्या. होडीशी आलेल्या माशाला दोरीने उचलू नका, जाळी घाला. कितीतरी ओठ तिथे फाटतात आणि बोल रॉडला लागतो.

मऊ रॉडवर मजा जास्त येते, हे मान्य. पण मासा लागेपर्यंत रॉड होल्डरमध्येच असतो.

घेण्याआधी जमलं तर कुणाचा तरी रॉड मागून तुमच्या नेहमीच्या वजनाने, नेहमीच्या वेगाने ओढून बघा. वरचा तिसरा हिस्साच वाकला तर ठीक. अर्ध्याच्या खाली वाक गेला तर एक पायरी कडक घ्या.