आज येतो, उद्या येतो

तेवीस दिवस झाले! पैसे त्याच दिवशी कापले, इंटरनेट कनेक्शनचा पत्ता नाही. फोन केला की एकच उत्तर, "मॅडम, माणूस निघालाय." कुठून निघालाय हा माणूस?

परवा एकदाचा आला. खांबावरून काळी केबल ओढली, गॅलरीच्या गजाला गुंडाळली, जोड मारला, सिग्नल मोजायचं मीटर लावलं. मायनस ३१! मायनस २७च्या खाली सिग्नल गेला की हा मोडेमचा डबा चालतच नाही, हे त्यालाही माहीत. तरी "होईल सुरू" म्हणत जिना उतरला. कसं होईल? जोड कोण सुधारणार, मी? डब्यावरचा लाल दिवा तेव्हापासून लुकलुकतोय.

आणि संध्याकाळी मेसेज, "तक्रारीचे निवारण झाले." कुणी केलं? मला विचारलं?

२००४ साली २५६ केबीपीएस वेगाच्या इंटरनेटला ब्रॉडबँड म्हणायचे. २०२३पासून सरकारी व्याख्येत किमान २ एमबीपीएस. जाहिरातीत ३००. माझ्या घरात शून्य! पोरगी जिन्यात बसून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर परीक्षा देते, मध्येच रेंज गेली की रडकुंडीला येते. बघवत नाही हो.

आत्ता पुन्हा फोन लावलाय. मराठीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी तीन दाबा. अहो, माणसाशी बोलायला काय दाबू?