राज्यांचे हक्क, पण कशाचे?

२०२५च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून वाद पेटला, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवरही दुसरा विषय नव्हता. पुण्याच्या आतेभावाने लिहिलं, ‘राज्यांच्या कारभारात वरून नाक खुपसलं की काय होतं ते तुझ्या अमेरिकेला विचार. तिथली यादवी राज्यांच्या हक्कांवरूनच झाली. गुलामगिरी नंतर चिकटवली.’

हिंदीच्या बाबतीत मी दादाच्याच बाजूने. महिनाअखेर सरकारने जीआर मागे घेतले, तेव्हा इथे मीही पेढा खाल्ला (फ्रीजरमधला, पण खाल्ला). शेवटचं वाक्य मात्र खुपलं. मी राहतो व्हर्जिनियातल्या रिचमंडला, यादवीत फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या तेव्हाच्या राजधानीत. आणि दादाचं ते वाक्य मी कुंपणापलीकडच्या आजोबांकडून कितीदा तरी ऐकलंय. पंचाहत्तरीचे गोरे गृहस्थ, दर उन्हाळ्यात परड्यातले टोमॅटो आणून देतात. त्यांचे खापरपणजोबा दक्षिणेकडून लढले. आजोबांना तरी किती दोष द्यायचा? १९५७ नंतर कितीतरी वर्षं व्हर्जिनियाच्या शाळांत जे इतिहासाचं सरकारी पुस्तक होतं, त्यात गुलाम सुखात होते असंच छापलेलं होतं.

दादाला म्हटलं, फुटणाऱ्यांनी स्वतः काय लिहून ठेवलंय ते आधी वाच. साउथ कॅरोलायना डिसेंबर १८६०मध्ये सगळ्यांत आधी बाहेर पडलं आणि कारणांचा जाहीरनामा काढला. त्यातली मोठी तक्रार अशी, की उत्तरेकडची राज्यं पळून आलेले गुलाम धरून परत देत नाहीत, आणि न्यूयॉर्क तर गुलाम बरोबर घेऊन नुसतं तिथून जाऊही देत नाही. म्हणजे न्यूयॉर्कने आपल्या हद्दीत आपला कायदा चालवला, हाच गुन्हा! पळालेले गुलाम परत करण्याचा १८५०चा कायदा केंद्राचा होता, आणि तो सगळ्यांनी मुकाट पाळावा म्हणून दक्षिण हटून बसली होती. राज्याच्या हक्काचा झेंडा तेव्हा उत्तरेतल्या विस्कॉन्सिनच्या हातात होता. तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, आणि १८५९मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मिसिसिपीने तर आडपडदाच ठेवला नाही. आमची भूमिका गुलामगिरीशी पक्की बांधलेली आहे, असं सरळ लिहून टाकलं. पुढे फुटीरांनी नवी घटना केली, तिच्यात गुलामांच्या मालकीला धक्का लावणारा कायदा करायला संसदेलाच बंदी.

दादाने मग जकातीचा मुद्दा काढला, की आयात मालावरच्या जकातीमुळेच दक्षिण फुटली. पण वाढीव जकातीचा कायदा मार्च १८६१चा, तोवर सात राज्यं बाहेर पडलेली.

व्हर्जिनियाचं थोडं वेगळं आहे, हे मान्य करायला हवं. एप्रिलच्या सुरुवातीला इथल्या प्रतिनिधींनी फुटायला नकार दिला होता. फोर्ट समटर या साउथ कॅरोलायनातल्या केंद्राच्या किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा चालल्या, लिंकनने ७५ हजार स्वयंसेवक मागवले, आणि मग मत फिरलं. आजोबा नेमकं इथेच बोट ठेवतात, आणि ते खोटं नाही. लिंकनही सुरुवातीला गुलाम सोडवायला नव्हे, देश एकत्र ठेवायलाच लढत होता. पण व्हर्जिनियात तेव्हा ४ लाख ९० हजारांच्या आसपास गुलाम होते, इतके दुसऱ्या कुठल्याच राज्यात नव्हते.

पुण्यात बसून हे एका माणसाला तेव्हाच कळलं होतं. फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. जकातीच्या दरासाठी कोणी पुस्तक अर्पण करत नाही. यावर दादाने नुसता अंगठा टाकला, आणि थोड्या वेळाने, ‘मग आमच्या मराठीचं काय?’

मराठीचं काय ते उघड बोलता येतं ना, दादा. पोराच्या डोक्यावर सहाव्या वर्षी तिसरी भाषा नको. हक्क कशाचा, हे सांगताना जीभ अडखळत नाही.

इथल्या स्टेशनाजवळ लंपकिनच्या तुरुंगाची जागा आहे. विकायला आणलेली माणसं तिथे डांबत. जवळच काळ्या लोकांची जुनी दफनभूमी, आणि २०११पर्यंत तिच्यावर चक्क डांबर घालून पार्किंग केलेलं होतं. विद्यार्थी असताना मीही तिथे गाडी लावली आहे, खाली काय आहे याचा पत्ता नसताना.

आजोबांना अजून तिथे घेऊन गेलेलो नाही. टोमॅटो घेतो, आभार मानतो, पावसापाण्याचं बोलतो. भांडायला दादा बरा पडतो.