ड्यू डेट आणि कट-ऑफमध्ये तीन दिवस कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मूडलवर (मुलांना कामं देऊन ती ऑनलाइन जमा करून घेण्याची सिस्टिम) असाइनमेंट लावताना 'कट-ऑफ डेट' (ज्यानंतर काम घेतलंच जात नाही ती तारीख) ही 'ड्यू डेट'च्या (काम देण्याच्या मुदतीच्या) दोन-तीन दिवस पुढे ठेवावी, असं मी मागच्या लेखात सुचवलं होतं. सरांचं म्हणणं असं की हे मुलांचे लाड आहेत, विद्यापीठाचा पेपर कुणासाठी थांबत नाही आणि वेळेत काम देणाऱ्यांवर हा अन्याय आहे. शिवाय मुळात ही सिस्टिमच भरवशाची नाही, कारण मुदत 15 तारखेची असताना 15 ला दुपारी आलेली कामं तिने 'लेट' दाखवली.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, तो लगेच निकालात निघेल. असाइनमेंटची सेटिंग्ज उघडा आणि तारखेच्या शेजारचे तास-मिनिटांचे चौकोन बघा. बहुतेक तिथे 00:00 असेल. नवीन असाइनमेंट लावायला घेतली की मूडल आपणहून आजपासून सात दिवसांनंतरची ड्यू डेट भरून ठेवतं, आणि वेळ मध्यरात्रीची. आपण तारीख बदलतो, वेळेकडे ढुंकूनही बघत नाही. 15 तारीख 00:00 म्हणजे 14 आणि 15 च्या मधली रात्र. म्हणजे 15 उजाडायच्या आत मुदत संपलेली! मुलांच्या स्क्रीनवर तेच '12:00 एएम' असं दिसतं. त्यातून कोण काय अर्थ काढेल ते वेगळंच. मी स्वतः वेळ संध्याकाळी 5 ची ठेवतो. रात्री बाराला फाइल अपलोड होईना तर मुलांनी विचारायचं कुणाला?

आता लाडांबद्दल. तुम्हाला हवी तशी शिस्त जुन्या मूडलमध्ये होती. 'प्रिव्हेंट लेट सबमिशन्स' असा सरळ हो-नाहीचा पर्याय असायचा. त्याच्या जागी कट-ऑफची वेगळी तारीख आली ते बरंच झालं, कारण काम कधी हवंय आणि मी ते घेणं कधी बंद करणार, हे दोन निराळे प्रश्न आहेत. कॅनव्हास या अशाच दुसऱ्या सिस्टिममध्येही 'ड्यू' आणि 'अनटिल' असे दोन रकाने असतात ते याचसाठी. मूडलमध्ये ड्यू डेट उलटून गेली तरी काम घेतलं जातं, फक्त ग्रेडिंगच्या पानावर त्या मुलाच्या नावासमोर किती उशीर झाला ते दिवस-तासांसकट नोंदलं जातं. कट-ऑफनंतर मात्र दार बंद.

ही नोंद हाताशी असताना अन्याय कसला? उशिराच्या दर दिवसाला किती गुण वजा, ते कोर्सच्या पहिल्याच पानावर लिहून टाका. वेळेत देणाऱ्याचे गुण शाबूत राहतात, उशीर करणाऱ्याचे जातात, आणि वाद झालाच तर तारीख-वेळ समोर असते. दोन्ही तारखा एकच ठेवल्या की काय होतं ते तुम्हीही बघितलं असेल. व्हॉट्सअॅपवर तिरके काढलेले फोटो, मेलवर 'सर प्लीज', स्टाफरूमच्या दारात पेनड्राइव्ह घेऊन उभा असलेला कुणी. त्यातली कामं आपण शेवटी घेतोच, आणि त्या उशिराची कुठेच नोंद राहत नाही. लाड म्हणायचे तर यांना म्हणा.

विद्यापीठाच्या पेपरची तुलना मला पटत नाही. तीन तास एका हॉलमध्ये बसवून घेतलेली परीक्षा वेगळी आणि आठवडाभर घरी करायचं काम वेगळं. तुलना करायचीच तर टर्म वर्कशी करा. सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात रात्र रात्र जागून उतरवलेली जर्नलं आणि सह्यांसाठी लागलेली रांग आठवते ना?

एका बाबतीत मी तुमच्याहून कडक आहे. उत्तरं वर्गात सोडवून दाखवणार असाल, तर कट-ऑफ त्या तासाच्या आधीच हवी, मग मध्ये तीन दिवस मिळोत नाहीतर तीन तास. आणि 'रिक्वायर स्टुडंट्स टू क्लिक द सबमिट बटन' हा पर्याय चालू असेल, तर वर्गात ते आधी दाखवून द्या. फाइल चढवली, सेव्ह केली, पण शेवटचं बटण दाबलंच नाही, तर काम 'ड्राफ्ट' म्हणून पडून राहतं. मूल शपथेवर सांगतं की मी वेळेत दिलं होतं, आणि ते खोटंही बोलत नसतं.

(खाली 'रिमाइंड मी टू ग्रेड बाय' अशी आणखी एक तारीख असते. ती मुलांसाठी नसते, आपल्याला तपासणीची आठवण करून देण्यासाठी असते. ती आपण शिक्षक किती पाळतो, हे न बोललेलंच बरं.)

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: आजारी पडलेल्या एकाला मुदत वाढवून दिली की बाकीचे चाळीस जण येऊन उभे राहतात, त्याचं काय? मुदत सगळ्यांची हलवूच नका. असाइनमेंटमध्येच 'ओव्हरराइड्स'चा भाग आहे. तिथे 'यूजर ओव्हरराइड' घेऊन त्या एकाच मुलाचं नाव निवडा आणि त्याच्यापुरती नवी ड्यू डेट आणि कट-ऑफ भरा. तारीख त्याच्याच पानावर बदलते, इतरांच्या पानावर जुनीच राहते. एखादी बॅच प्रॅक्टिकलमध्ये मागे पडली असेल तर 'ग्रुप ओव्हरराइड' वापरा, पण त्यासाठी कोर्समध्ये बॅचचे ग्रुप आधी केलेले असायला हवेत.