निनावी खुर्ची

एंगेजमेंट ही गोष्ट आयुष्यात एकदाच होते, अशी माझी भाबडी समजूत होती. आमच्या मनुष्यबळ विभागाकडे ती दर सहा महिन्यांनी होते. ती, म्हणजे कर्मचारी कामात कितपत मनापासून गुंतले आहेत, हे मोजण्यासाठी एक निनावी सर्वेक्षण असते आणि ते मी अद्याप भरलेले नाही, याची आठवण करून देणारी मेल माझ्या नावानिशी येते.

चौथ्या मेलनंतर मी भरायला बसलो. पहिल्याच पानावर उत्तरे पूर्णपणे गोपनीय राहतील, असे ठळक अक्षरांत आश्वासन होते आणि त्याखाली विभाग, पद, वयोगट व नोकरीची वर्षे विचारली होती. आमच्या विभागात आम्ही चौघे. त्यांत पन्नाशी ओलांडलेला मी एकटा. अशा सर्वेक्षणांत पाचेक माणसांहून लहान गटाचा निकाल वेगळा दाखवू नये, असा एक शहाणा प्रघात आहे. आमच्याकडे मात्र गेल्या खेपेस ‘या गटातील १०० टक्के कर्मचारी असमाधानी आहेत’ असा निकाल लागला आणि ते १०० टक्के कर्मचारी म्हणजे मी होतो. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून अत्यंत काळजीच्या सुरात विचारले, “कोण असेल हो? काही अंदाज?” दोन दिवसांत शोधून सांगतो, असे म्हणून मी बाहेर पडलो.

उत्तरांसाठी ‘पूर्णतः असहमत’पासून ‘पूर्णतः सहमत’पर्यंत पाच पायऱ्या होत्या. ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. तिच्यातल्या मधल्या पायरीने किती नोकऱ्या वाचवल्या असतील, याची गणती नाही. ‘कार्यालयात माझा एक जिवलग मित्र आहे’ हे विधान मला कोणीतरी थट्टेने घुसडलेले वाटले. परंतु गॅलप या सर्वेक्षण संस्थेने कर्मचाऱ्यांसाठी केलेल्या प्रसिद्ध १२ प्रश्नांमध्ये ते खरोखरच आहे. मी शेजारच्या टेबलाकडे पाहिले, तर तिथला सहकारीही त्याच विधानावर थांबून माझ्याकडे पाहत होता.

“तुम्ही काय टाकताय?”

“आधी तुम्ही सांगा.”

अखेर दोघांनीही ‘सहमत’ टाकायचे ठरले. ‘पूर्णतः’ला मी तयार नव्हतो, कारण माझा स्टेपलर दोन महिन्यांपासून त्याच्या खणात आहे.

खरी अडचण पुढच्या विधानाला आली: ‘काम नीट करण्यासाठी लागणारी साधने माझ्याकडे आहेत.’ माझ्या खुर्चीचा दट्ट्या गळका आहे. सकाळी मी टेबलाच्या बरोबरीने असतो, अकराच्या सुमारास कोपरे वर उचलून टंकलेखन करावे लागते आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी शाळेत नव्याने दाखल झालेल्या मुलासारखा दिसू लागतो. मग उठायचे, बैठकीखालची दांडी ओढायची, खुर्ची सुस्कारा टाकत वर येते आणि पुन्हा तोच उतार. ही तक्रार मी सलग सहा सर्वेक्षणांत केली आहे. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडले, की पगार, कामाची जागा, नियम या गोष्टी वाईट असतील तर माणूस कुरकुरतो. पण त्या सुधारल्याने त्याला स्फूर्ती येतेच असे नाही. आमच्या संस्कृती समितीने यातला उत्तरार्ध तेवढा मनावर घेतला असावा. खुर्ची दुरुस्त करून मला स्फूर्ती येणार नाही, हे ओळखून समितीने थेट स्फूर्तीच पाठवली. माझ्या डोक्यावर आता ‘चला, उंच भरारी घेऊ’ असे लिहिलेले गरुडाचे चित्र आहे.

शुक्रवारच्या खेळांबद्दल फार लिहीत नाही. डोळे बांधून मागे पडायचे आणि सहकारी झेलतील असा विश्वास ठेवायचा, असा तो प्रकार होता. मला झेलायला लेखा विभागातले दोघे होते, ज्यांनी माझे प्रवासाचे बिल तीनदा परत पाठवले आहे.

गंमत म्हणजे, कामातली एंगेजमेंट ही कल्पना ज्या शोधनिबंधातून पुढे आली, तो विल्यम कान यांचा १९९० सालचा निबंध उन्हाळी शिबिरातील मार्गदर्शक आणि एका वास्तुरचना कंपनीतील माणसे यांच्या निरीक्षणावर उभा आहे. कामाला अर्थ वाटला, मोकळेपणाने वागल्यास अंगाशी येणार नाही अशी खात्री असली आणि अंगात त्राण उरले असले, तर माणूस कामात स्वतःला ओततो, असे त्यात म्हटले आहे. गरुडाचा उल्लेख नाही. मला स्वतःला काम आवडते, हे कोणी विचारले नाही म्हणून इथेच सांगतो. दोन लांबलचक तक्त्यांची बेरीज शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली, की मी कोणाचे लक्ष नाही असे पाहून खुर्चीतच एक गिरकी घेतो. त्या गिरकीत आणखी दोन बोटे खाली जातो, ते वेगळे.

यंदाचा निकाल परवा सर्वांसमोर पडद्यावर दाखवण्यात आला. सभागृहात जागा कमी पडल्यामुळे प्रत्येकाने आपापली खुर्ची ढकलत आणली होती. “एका कर्मचाऱ्याने खुर्चीबद्दल काही लिहिले आहे,” मनुष्यबळ विभागाच्या बाई गोड हसून म्हणाल्या, “नाव अर्थातच आम्हालाही ठाऊक नाही.” सगळ्यांच्या माना माझ्या दिशेने वळल्या. भाषण सुरू होऊन तोवर पाऊण तास झाला होता आणि पुढच्या रांगेच्या पाठींवरून माझी फक्त टाळू दिसत होती.