पीसीचं कॅबिनेट घरची हवा बघून घ्या, यूट्यूबवरचा सेटअप बघून नको

स्पष्टच लिहितो, कुणाला राग आला तर येऊ दे. दोन-तीन बाजूंनी काच, आत दहा फॅन रंग बदलत फिरतायत, ज्याला सगळे फिश टँक म्हणतात तसलं कॅबिनेट (पीसीचे सगळे पार्ट ज्यात बसतात तो डबा) आपल्याकडच्या बहुतेक घरांसाठी नाहीये. दिसायला एक नंबर, मान्य. पण जुनं कॅबिनेट काढून नवीन घ्यायचं असेल तर पीसीत कुठले पार्ट आहेत ते नंतर बघा, आधी पीसी ज्या खोलीत राहणार ती खोली बघा. खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे का, समोर बांधकाम चालू आहे का, मे महिन्यात ती खोली किती तापते, पीसी टेबलावर राहणार की खाली फरशीवर, आणि घरात केर कोण काढतं, कशाने काढतं. हसू नका, केराच्या मुद्द्यावर येतोच.

विषय निघाला ताईच्या मुलामुळे. तो नागपूरला इंजिनिअरिंगला आहे. पीसी बरा चालला होता, मग साहेबांनी कॉलेजातल्या कुणाकडून तरी सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड उचललं, एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८०, तीन फॅनवालं, लांबी ३१८ मिमीच्या आसपास, आणि रात्री मला व्हिडिओ कॉल, "मामा, कार्ड बसूनच नाही राहिलं." कॅबिनेटच्या खोक्यावर तर छापलंय ३३० मिमीपर्यंत कार्ड बसतं म्हणून. आता गंमत अशी की खोक्यावरचा आकडा खोटा नसतो, पण बऱ्याचदा तो पुढे एकही फॅन नाही असं धरून दिलेला असतो. साधा फॅन २५ मिमी जाड. ३३० मधून २५ गेले की उरले ३०५. पुढे लिक्विड कूलरचा (पाण्याने प्रोसेसर गार ठेवणारा) रेडिएटर असेल तर तो साधारण २७, वर त्याचे फॅन २५, म्हणजे पाच सेंटीमीटर गेलेच. भाच्याने लगेच उपाय पण काढला, पुढचे फॅनच काढून टाकतो ना मामा. अरे बाबा, ३२० वॉट खाणारं कार्ड बसवायला हवा आत घेणारे फॅन काढायचे? मग कार्ड बसेल, पण गेम खेळायला तू बसू शकणार नाहीस.

म्हणून पहिलं काम, घरातली मेजरटेप काढा. मदरबोर्डचं (बाकीचे पार्ट ज्यावर जोडतात तो बोर्ड) टेन्शन घेऊ नका, ते सगळ्यात सोपं आहे. इंटेलने १९९५ साली एटीएक्स हे माप आणलं, ३०५ बाय २४४ मिमी, आणि स्क्रूची भोकं आजही त्याच जागी आहेत, त्यामुळे आजचा बोर्ड वीस वर्षांपूर्वीच्या डब्यातही स्क्रूने बसेल. मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०, मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड चालतो, उलटं नाही. बदललं ते बाकीचं. पूर्वी एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, वरच्या बाजूला असायचा, पुढे डीव्हीडी ड्राइव्हचे कप्पे आणि त्याच्या खाली हार्डडिस्कचा पिंजरा, आणि कार्ड बिचारं वीतभर. आता कार्ड त्या पिंजऱ्यावर जाऊन आदळतं. (पिंजरा रिव्हेटने मारलेला असतो, ड्रिलने काढणारे लोक मी पाहिलेत, पण लोखंडाचा भुगा राहिला तर बोर्ड शॉर्ट व्हायची भीती, तेव्हा सगळे पार्ट बाहेर काढूनच असले उद्योग करा.) आणि ब्रँडेड तयार डेस्कटॉप असेल तर जरा थांबा, त्यात बोर्ड, पॉवर सप्लाय, पुढच्या बटणाची वायर सगळं कंपनीच्या स्वतःच्या मापाचं असू शकतं, बाजारातलं कॅबिनेट आणून काही उपयोग होणार नाही.

दुसरं माप प्रोसेसरच्या कूलरची उंची. प्रोसेसरवर उभे बसणारे टॉवर कूलर १५५ ते १६५ मिमी असतात, नॉक्चुआ कंपनीचा एनएच-डी१५ बरोबर १६५. अरुंद कॅबिनेटमध्ये हा बसला तरी बाजूची काच बंद होत नाही. आणि ४०९० वगैरे कार्डांचा तो सोळा पिनांचा पॉवर कनेक्टर, २०२२ च्या शेवटी वितळल्याच्या बातम्या आल्या होत्या तोच, त्याची केबल मुळापासून एकदम वाकवायची नसते, साडेतीन सेंटीमीटर तरी सरळ राहू द्यायची. म्हणजे कार्डाच्या कडेपासून काचेपर्यंत तेवढी जागा पाहिजे. हा आकडा कुठल्याच खोक्यावर नसतो, हिशोब आपणच करायचा.

आता हवा. इथे माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. परदेशातले रिव्ह्यूवाले टेस्ट करतात कुठे, तर एसी लावलेल्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत. तिथे बंद काचेच्या तोंडाचं कॅबिनेट जाळीवाल्यापेक्षा आठ-दहा अंश गरम निघालं तरी आकडा बरा दिसतो, सत्तरचं ऐंशी झालं, चालतंय. नागपुरात मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस असतात आणि दुपारी खोलीत पस्तीस-अडतीस सहज. फॅन लावून पीसी खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही, जे काही वाढणार ते त्याच्या वरच वाढणार. म्हणजे तिकडच्या सत्तरवर पंधरा अंश इथेच चढले, आणि एनव्हिडियाची कार्डं ८३ च्या आसपास पोचली की स्वतःचा वेग कमी करायला लागतात. तुम्ही पन्नास हजारांचं कार्ड घेतलंय आणि ते तीस हजारांच्या कार्डासारखं चालतंय, कारण पुढे जाळीऐवजी काच आहे! एनझेडएक्सटी कंपनीचं एच५१० कॅबिनेट आठवत असेल, २०१९ च्या सुमाराला प्रत्येक दुसऱ्या सेटअपच्या फोटोत तेच, पुढचं तोंड सपाट आणि बंद. पुढे त्यांनीच जाळीवाली 'फ्लो' आवृत्ती काढली. जे बाजाराला कळलं ते आपल्या इन्स्टा रीलवाल्यांना अजून कळायचंय.

नागपूरवाल्यांसाठी एक जादा सूचना. खोली गार करणाऱ्या पाण्याच्या कूलरच्या समोर पीसी ठेवू नका. कूलरने खोली थंड होते, त्याचा पीसीला फायदाच आहे, पण थेट झोत नको. ओली हवा, त्यात कूलरच्या गवताचे बारीक तुकडे उडतात आणि ते फिल्टरवर चिकटून बसतात, भाच्याच्या जुन्या कॅबिनेटच्या तोंडाशी अक्षरशः पिवळट तंतूंचा थर होता, नखाने खरवडून काढावा लागला. कोकणात आणि मुंबईत समुद्राजवळ वेगळीच कथा, तिथे गंज. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, रंग आतल्या कडांना नीट लागलेला नसतो, मागच्या स्लॉटच्या (कार्डांच्या खाचा झाकणाऱ्या) पट्ट्या आणि स्क्रू दोन पावसाळ्यांत तांबूस पडतात. दुकानात काच काढायला लावा आणि आतल्या कडेवरून बोट फिरवा. (जपून, कापतं.) कडा दुमडलेल्या आणि रंगवलेल्या असतील तर माल बरा.

आणि धूळ. जाळी म्हटलं की लोक लगेच म्हणतात, पण मग धूळ जाणार ना आत. जाणारच. बंद कॅबिनेटमध्येही जाते, फटीफटीतून जाते आणि आतून बाहेर काढता येत नाही. प्रश्न धूळ जाते का हा नाहीच, ती जिथून जाते तिथे फिल्टर आहे का, आणि तो फिल्टर न चिडता काढता येतो का, एवढंच बघायचं. आत ओढणारे फॅन बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ठेवा, पुढे दोन-तीन, मागे एक, म्हणजे आत दाब राहतो आणि फटींतून हवा बाहेर जाते, आत येत नाही. वर फॅन लावायचाच असेल तर मागच्या बाजूला लावा, पुढच्या टोकाला लावला तर नुकतीच आत आलेली गार हवा तोच उचलून बाहेर टाकतो.

आता केर. आपल्याकडे रोज सकाळी फुलझाडू फिरतो, मग फरशी पुसली जाते. पीसी फरशीवर ठेवला की झाडूने उडालेली सगळी धूळ थेट खालून, एसएमपीएसच्या फॅनमध्ये. त्याचा फिल्टर तळाला असतो आणि बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो मागून सरकवून काढायचा असतो. म्हणजे फिल्टर धुवायचा तर पंधरा किलोचा पीसी पुढे ओढा, वायरी सोडवा, टेबलाखाली डोकं घाला. कोण करणार? दिवाळीच्या साफसफाईलाच होतं ते. ज्याचा खालचा फिल्टर पुढून किंवा बाजूने निघतो ते कॅबिनेट घ्या, बाकी सगळं सारखं असेल तर मी फक्त एवढ्या एका गोष्टीवर निवड करेन. फिश टँकवाले बरेचसे खालूनच हवा घेतात, लिआन ली कंपनीचं ओ११ डायनॅमिक २०१८ ला आलं तेव्हापासून ही फॅशन, पुढे काच म्हणून हवा बाजूने आणि तळातून. उंच टेबलावर ठेवणार असाल तर ठीक, फरशीवर ते झाडूची वाटच बघत असतं.

मागच्या स्लॉटच्या पट्ट्या तोडून काढायच्या आहेत का स्क्रूच्या, तेही बघा. तोडायच्या असतील तर एकदा तुटली की तिथे कायमचं भोक. आमच्या इमारतीत एकाच्या पीसीत पाल शिरली होती, पुढचं सांगत नाही, जेवायची वेळ आहे.

काच नकोच असं म्हणत नाही मी, एका बाजूला असू दे. पण टेम्पर्ड ग्लास व्हिट्रिफाइड टाइल्सवर उभी टेकवू नका. टाइल काचेपेक्षा कडक, आणि टेम्पर्ड काचेचा जीव तिच्या कडेत, कडेला टाइलचा बारीकसा टोच बसला की अख्खी काच साखरेएवढे तुकडे होऊन खोलीभर. गादीवर नाहीतर घडी घातलेल्या चादरीवर आडवी ठेवा. मी एकदा एका वेबसाइटवरून मागवलेलं कॅबिनेट आलं तेच खोकं हलवल्यावर छन छन करत, आणि परत घ्यायला त्यांनी जो वेळ लावला तो विचारू नका. ऑनलाइन घेतलंत तर खोकं फोडताना व्हिडिओ काढा, जमलं तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर आपापल्या गावच्या दुकानात जाऊन उघडून बघून घ्या, शे-दोनशे जास्त गेले तरी.

स्वस्तातल्या कॅबिनेटबरोबर चार-पाच आरजीबी (रंगीत लाइटचे) फॅन "फुकट" येतात, त्यांची वायर बघा. मोलेक्सवर, म्हणजे थेट पॉवर सप्लायच्या वायरवर, चालणारे असतील तर ते चोवीस तास एकाच वेगाने घोंघावणार, बोर्डला त्यांच्यावर ताबा नाही. चार पिनवाले पीडब्ल्यूएम (ज्यांचा वेग बोर्ड कमी-जास्त करतो) असतील तर उत्तम. आणि लाइटचा तीन पिनचा कनेक्टर ५ व्होल्टचा असतो, चार पिनचा १२ व्होल्टचा, जबरदस्तीने एकातला दुसऱ्यात घुसवू नका, एलईडी जळतात. पुढे टाइप-सी पोर्ट आहे म्हणून जास्त पैसे देताय, तर बोर्डवर त्याचा हेडर (वायर जोडायची जागा) आहे का ते आधी बघा, नसेल तर ते नुसतं शोभेचं भोक. बोर्ड बसवायच्या आधी पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब) मोजा, बोर्डला जिथे भोक नाही तिथे एखादा राहिला तर मागून शॉर्ट मारू शकतो. हसण्यावारी नेऊ नका, एनझेडएक्सटीच्या एच१ मध्ये रायझर कार्डाच्या (ग्राफिक्स कार्ड बोर्डला जोडणाऱ्या पट्टीच्या) एका स्क्रूमुळे शॉर्टसर्किट होऊन आग लागण्याचा धोका निघाला आणि २०२१ मध्ये ती कॅबिनेटं परत बोलवावी लागली. आणि डब्याला काय बघायचं म्हणतात लोक.

पैशांचं म्हणाल तर तीन-साडेतीन हजारांतही जाळीच्या तोंडाची कॅबिनेटं मिळतात, अँट एस्पोर्ट्स वगैरेंची, पत्रा पातळ असतो पण हवा खेळते. माझं मत, बजेट असेल तर इथे थोडं सैल सोडा. कार्ड तीन-चार वर्षांत बदलतं, प्रोसेसर बदलतो, बरं कॅबिनेट दोन-तीन पीसी बघतं. भाच्यासाठी आम्ही लिआन लीचं लॅनकूल २१६ घेतलं, ३९२ मिमीपर्यंत कार्ड, कूलर १८० पर्यंत, पुढे १६० मिमीचे दोन मोठे फॅन, मागे १४० चा एक. १६० हे माप मला स्वतःला पटत नाही, उद्या फॅन गेला तर तसाच चटकन मिळायचा नाही, पण जागा आहे आणि १२० किंवा १४० वाले लावता येतात. कॉर्सेअरचं ४००० डी एअरफ्लो पण विचारात होतं, फ्रॅक्टलचं लाकडी पट्ट्यांवालं नॉर्थ ताईला आवडलं होतं (हॉलमध्ये शोभेल म्हणे), किंमत ऐकून ती गप्प बसली.

आता कार्ड नव्या कॅबिनेटमध्ये आरामात बसलंय, आणि उन्हाळ्याच्या दुपारी गेम खेळतानाही त्याचं तापमान सत्तरीच्या मधे-मधे असतं. आवाज कमी झाला हे ताईला जास्त आवडलं.

जुनं कॅबिनेट तिच्या घरी पडून आहे. काच शाबूत, पुढचे दोन फॅन चालू, पॉवरचा दिवा लागत नाही, ३०५ मिमीपर्यंत कार्ड बसतं, फॅनसकट मोजलेलं. नागपुरात कुणा पोराला पहिला पीसी बांधायचा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पैसे नकोत, स्वतः येऊन न्यायचं. कुरिअर करणार नाही, काच आहे.